हसू तपासणारे डॉक्टर

ईशान, रेवा,

मागच्या रविवारी ईशानने फोनवर मला मनगटावरचा पट्टा दाखवला. ऑफिसने सगळ्यांना फुकट दिला म्हणे. ठोके, झोप, पावलं सगळं मोजतो आणि माणूस कामाला ताजा आहे की नाही ते वरच्यांना कळतं. तू खूश होतास, म्हणून मी काही बोलले नाही. पण फोन ठेवल्यावर आमच्या शेजारचे मेश्राम डॉक्टर आठवत राहिले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही आणि त्यांच्याविषयी नीट सांगू शकतील अशी माणसं बालाघाटात फार उरली नाहीत. म्हणून आजच लिहायला बसले.

डॉक्टर भेटेल त्याला विनोद सांगत, आणि सांगून झाला की स्वतः हसत नसत. मान जराशी तिरपी करून समोरच्याचा चेहरा न्याहाळत. शेजारचं घर भाड्याने घेतलं त्या दिवशी ते प्यायला पाणी मागायला आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, काल एक पेशंट आलता. म्हणे, बायको म्हणते तू रातभर घोरतो. मी म्हटलं, मंग? तर म्हणे, मले तर एक दिवसबी ऐकू आलं नाई जी, बायको खोटी बोलते!" मी हसले. ते माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होते. "चांगलं आहे," एवढंच म्हणाले आणि तांब्या घेऊन गेले. मला राग आला. तुमच्या आजोबांना म्हटलं, हा गृहस्थ एक तर चावट आहे, नाहीतर चक्रम.

दोन्ही नव्हते. कटंगीच्या रस्त्यावर तेव्हा मँगनीजचं खनिज दळून त्याची भुकटी करणारा एक खाजगी कारखाना होता. आता तो बंद आहे. डॉक्टर तिथे कामगारांची तपासणी करायला जात. ती काळी, मऊ धूळ श्वासाबरोबर आत जाते आणि वर्षानुवर्षं मेंदूत साचत राहते. "खोकल्याचा रोग सांगून येते," ते म्हणायचे, "हा चुपचाप येते. पहिले हसू जाते, वहिनी. माणूस आतून हसते, पण तोंड हलत नाई. मंग आवाज बसते, सही बारीक होत जाते. आणि उलटं चाल म्हटलं का पडते." म्हणून ते विनोद. त्यांना सवयच लागली होती. दूधवाल्यापासून कलेक्टर कचेरीतल्या साहेबापर्यंत सगळ्यांचं हसू ते तपासत.

ते हट्टा गावाजवळच्या एका खेड्यातले. वडिलांनी अशाच धुळीत आयुष्य काढलं होतं. "बाबा शेवटी शेवटी भिंतीले पाठ लावून बसत," त्यांनी एकदा सांगितलं. "आमी पोरं म्हणू, बुढा घमंडी झाला, कोणाशी हसत नाई. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाले पुस्तकात बाबाचा चेहरा भेटला. तवरक बाबा गेलता."

कारखान्यात सुखदेव नावाचा कामगार दळणाच्या यंत्रावर होता. त्याच्यासारखा हात तिथे दुसऱ्या कोणाचा नव्हता. तो रजेवर गेला की माल कमी निघायचा. एका तपासणीत डॉक्टरांनी त्याला विनोद सांगितला. सुखदेवने "हा हा" असा आवाज काढला, पण गाल जागचे हलले नाहीत. मग डॉक्टरांनी त्याला उलटं चालायला सांगितलं. तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेला. त्याच्या पाळीतले बाकीचेही गेले. डॉक्टर बुचकळ्यात पडले.

पुढच्या रविवारी ते कामगारांच्या क्वार्टर्सच्या गल्लीतून स्कूटरवर चालले होते. तिथे सुखदेवची बायको रुक्मा त्याचे दोन्ही हात धरून त्याला उलटं चालवत होती. मागे पाळीतले तिघे आपला नंबर यायची वाट पाहत उभे. "टाच टेकवा ना जी, पहिले टाच!" रुक्मा ओरडत होती. "बैलबी मागं सरकते, तुमाले काहून जमत नाई?" सगळी गल्ली हसत होती, ते चौघे सोडून. डॉक्टरांना पाहताच रांगेतले तिघे घराकडे वळले. रुक्माने मात्र पदर खोचला आणि म्हणाली, "तुमी परीक्षा घेता, आमी अभ्यास करून राह्यलो. त्यात का चुकलं जी?"

त्या संध्याकाळी ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले आणि हिशेब मांडू लागले. अनफिट लिहिलं तर सुखदेवची नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, दोन मुलींची शाळा सुटणार. फिट लिहिलं तर तो पुन्हा त्याच धुळीत. "गेलेलं वापस येत नाई," ते म्हणाले. "पण आता थांबला, तर जे आहे ते राह्यते. वहिनी, मॅनेजरले पत्र लिहा. माझं इंग्रजी गरम होते, तुमचं थंड आहे."

मी शक्य तितकं थंड पत्र लिहिलं. सुखदेवला त्याच पगारावर गेटवर किंवा बागेत काम द्यावं, एवढीच विनंती. उत्तर तोंडी आलं. मॅनेजर म्हणाला, "गेट पे बैठने वाले बहुत हैं, डॉक्टरसाब. मशीन तो ठीक चल रही है, आप आदमी क्यों बंद कर रहे हो?" डॉक्टर ते वाक्य पुढे कित्येकदा म्हणून दाखवत. त्या वेळी मात्र चेहरा तपासत नसत.

पुढच्या तपासणीला रुक्मा दाराशी उभी होती. डॉक्टरांनी सुखदेवला चालायला लावलंच नाही. सरळ उभं केलं, स्वतः त्याच्या मागे गेले आणि दोन्ही खांदे हलकेच मागे ओढले. धडधाकट माणूस एक पाऊल मागे टाकून सावरतो. सुखदेवने पाऊल टाकलंच नाही. तो तोडलेल्या झाडासारखा मागे आला आणि डॉक्टरांनी त्याला छातीवर झेललं. रुक्मा म्हणाली, "पाडलं तुमी त्याईले." डॉक्टरांनी अनफिट लिहिलं.

महिन्याभरात क्वार्टर गेलं. सामान ट्रॅक्टरवर चढवून रुक्मा आमच्या आणि डॉक्टरांच्या सामाईक फाटकाशी आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली. "तुमचं शिक्षण खरं झालं, डॉक्टर! आमच्या पोरीईले आता तुमचं सर्टिफिकेट शिजवून चारू का?" डॉक्टर व्हरांड्यात उभे राहून ऐकत होते. "हौ बाई," एवढंच म्हणत होते. ती गेल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बरोबर केलं का, वहिनी?" मी म्हटलं, "अगदी बरोबर." ते म्हणाले, "लय लवकर बोलल्या तुमी."

बाकीच्या तिघांची तपासणी व्हायच्या आतच कारखान्याने डॉक्टरांना बोलावणं बंद केलं. नवे डॉक्टर आले. ते विनोद सांगत नसत आणि सगळ्यांना फिट लिहीत. कामगार खूश झाले. मेश्राम डॉक्टरांना रस्त्यात कोणी नमस्कार करेना.

रुक्मा माहेरच्या गावी गेली. धानाच्या रोवणीला जायची, कटंगीच्या बाजारात भाजी विकायची. थोरलीची शाळा सुटली ती सुटलीच, धाकटी शिकली. डॉक्टर बसने त्यांच्याकडे जात. पहिलं वर्षभर रुक्माने त्यांना आत घेतलं नाही. ते ओट्यावर बसून सुखदेवचे हातपाय तपासत, औषध ठेवत आणि परत येत. एकदा ती स्वतः चहा घेऊन बाहेर आली. ते त्यांनी मला फाटकातूनच ओरडून सांगितलं, पास झालेल्या मुलासारखं.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मी डॉक्टरांच्या दारात उभी होते तेव्हा रुक्मा सुखदेवला रिक्षातून उतरवत होती. बराच वेळ ती डॉक्टरांच्या पायाशी बसली. निघताना मला म्हणाली, "लय भांडली मी त्याईच्यासंगं. आता भांडाले माणूस नाई राह्यला." तिला समाधान झालं होतं असं मी लिहिणार नाही. मुलीच्या शाळेचं ती अजून बोलते आणि तिचं बोलणं खोटं नाही.

गल्लीत नंबर लावून उभे असलेले ते तिघे पुढेही त्याच यंत्रावर राहिले. त्यांतले दोघे आता अंथरुणावर आहेत, तिसऱ्याचं मला कळलेलं नाही. सुखदेवचा चेहरा हलत नाही. त्याचं बोलणं कान जवळ नेऊन ऐकावं लागतं. पण तो स्वतःच्या हाताने जेवतो, शर्टाच्या गुंड्या स्वतः लावतो आणि बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी उचलून रुक्माबरोबर बसस्टँडपर्यंत चालत जातो.