लुमिंगमावशीची सात चर्च

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पायी करायच्या सात चर्चपैकी चौथं मागे पडलं, तेव्हा फिलिपिन्समधल्या बाटांगासच्या उन्हात लुमिंगमावशीच्या टाचा सोलवटल्या होत्या. प्रत्येक चर्चमध्ये तिने आजारी शेजारीण इसिद्रासाठी गुडघे टेकले होते. कोंबड्यावरून भांडण झाल्यापासून तिच्या दारात मात्र पाऊल टाकलं नव्हतं.

“मावशी, तिची चूल पेटलेली नाही,” सोबत चालणारी भाची मिलाग्रोस कुरकुरली. “देवाला कशाला सांगताय? कुंपण ओलांडा की!”

“देव मुकाट ऐकून घेतो गं. ती उलट बोलते!”

पाचव्या चर्चमध्ये मावशीला प्रार्थनाच सुचेना. उठून ती सरळ घराच्या वाटेला लागली.

“आलं घालून पेज करते. तू नेऊन दे. आणि हे बघ, मी केलीय म्हणून सांगू नकोस हं. नाहीतर बरी झाल्यावर आभार मानायला येऊन बसेल.”