कमलचा काळा ओटा

किस्से साचतात तेलाच्या बरणीखालच्या डागासारखे. बरणी उचलली की गोल हजर! आमच्या नांदुऱ्याच्या गल्लीतले मीच सांगते, कारण डाग काढायची अक्कल तिथे एकट्या माझ्याकडे होती. कोणी शिकवली नव्हती!

काळ्या दगडाचा पहिला ओटा आला शेजारच्या कमलकडे. गुडघ्यांपायी तिला चुलीपुढे बसवत नसे. तिच्या सासूबाईंना, जनाकाकूंना, ओटा खुपायचा. "उभ्यानं सैपाक करते का कोणी? एक डाग पडू दे, उखडूनच फेकीन त्याले!" झालं! कमलचे गुडघे त्या दगडाच्या भरवशावर!

*

पहिल्याच आठवड्यात कमलनं ओटा चिंचेनं घासला. पाणी भरायच्या पितळी गुंडासारखा! दगड पांढराफटक.

"अवं, दगड हाय तो! आंबट खाते त्याले!"

मी पाणी टाकून बारीक पॉलिश पेपर फिरवला, वरून जवसाच्या तेलाचा हात. पुन्हा काळाभोर!

*

मग तिचा नवरा वसंता. तेलाची गळकी बरणी ठेवली अन् डाग उमटल्यावर बादली घेऊन धावला.

"पाणी नको ओतू बे! पीठ आण!"

ज्वारीचं पीठ अन् सोडा कालवून जाड लेप दिला.

"मावशी, भाकर थापून राह्यल्या का?"

"हाव! तुलेच खाऊ घालीन!"

लेप वाळला, खरवडला. तेल पिठात, ओटा साफ!

*

तेव्हापासून कमल प्रत्येक डब्याखाली फडकं घाले. एकदा वसंतानं ओट्यावर हात टेकला, तर हाताखालीही सारलं!

*

जनाकाकू लेकीकडे धामणगाव बढ्याला गेलेल्या. परतायच्या दिवशी सकाळीच कमलच्या हातून हळदीची फोडणी सांडली. लेपानं तेल गेलं, पिवळं राहिलं.

"मावशी, गेला माह्या ओटा!"

"रडू नको वं, आसवाचाबी डाग पडते!"

हळद उन्हानं उडते. पण ओटा अंगणात न्यावा कसा? मी वसंताचा दाढीचा आरसा घेऊन दारात बसले अन् ऊन थेट डागावर पाडलं! सूर्य सरकला की मीही सरके. दुपार कलली, पिवळं उडालं!

तेवढ्यात बसमधून उतरून काकू आल्या. तळहात ओट्यावर फिरवला. उजवीकडून, डावीकडून.

"चकाट हाय वं! एक डाग नाई!"

अन् लुगडं खोचून, स्टुलावर पाय देऊन काकू चढल्या ओट्यावर! स्टोव्हजवळ ऐसपैस मांडी घातली.

"आण वं परात! इतकी मस्त जागा, अन् तू उभी काऊन?"