झोपेचं पत्रक आणि माझं दळण

त्या काळी नागपूरहून शाळेत आरोग्याची पत्रकं येत. खामगावजवळच्या आमच्या गावात मी मुलींच्या शाळेवर होते, म्हणून ती बायकांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एका हळदीकुंकवाला झोपेचं पत्रक वाचलं. आठ तास झोपावं, खिडकी उघडी ठेवावी, रात्री चहा घेऊ नये.

"खिडकी कोणाच्या घरी हाय वं बाई?" एकीनं विचारलं. "अन् आम्ही आठ तास झोपलो, तर जात्यावर तुम्ही येता का?"

बायका हसल्या. अडाणी आहेत, असं मनात म्हणून मी पत्रकाची घडी घातली.

शेजारची नवी सून हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती शाळेमागे आली. सोळा-सतराची असेल.

"बाई, मले झोपच येत नाही. तुमच्या कागदात काही दवा हाय का?"

"कधीपासून?"

"लगन झाल्यापासून."

"चहा घेतेस?"

"नाही जी."

पत्रकातले प्रश्न संपले. आणखी काही विचारावं, हे मला सुचलं नाही. तुझ्या सासूशी बोलते, म्हटलं.

"नका सांगू, बाई. बाहेरची बाधा म्हणतीन."

लपवल्यानं दुखणं वाढतं, असं तिलाच सुनावून मी संध्याकाळी सासूला सांगून टाकलं.

सासूनं देवऋषी बोलावला नाही. ती खूश झाली. "जागीच राह्यते, तर जातं काऊन रिकामं ठेवाव? मास्तरीणबाई, तुमाले शाळा हाय. तुमची ज्वारीबी पाठवत जा."

मी पाठवली. शाळा, दोन मुलं आणि वर दळण, यानं माझे हात भरून येत. दोन महिने त्या मुलीनं माझं दळण दळलं. "छान बारीक दळतेस," असंही मी तिला म्हणाले.

एका दुपारी ती पीठ घेऊन आली. मी टोपली रिकामी करेपर्यंत ती दाराशी टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. टोपली परत द्यायला मी तिच्या खांद्याला हात लावला. डोळे उघडायच्या आधीच तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"उठली, उठली! पाणी नका टाकू!"

मग सगळं कळलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिला पहाटे दळायला जाग आली नव्हती. सासूनं अंथरुणातच तिच्या अंगावर गार पाण्याची घागर ओतली होती. तेव्हापासून उठायला उशीर होईल या धाकानं ती पडून राही, डोळा लागू देत नसे.

मी सासूकडे गेले. माझं दळण उद्यापासून मीच दळीन, म्हटलं.

"बरं. मंग पाटलीणबाईचं घेतो," ती म्हणाली. "तिले झोप नाही, हे तुम्हीच तं सांगतलं."

घागरीचा विषय माझ्या ओठांवर होता. मी काढला नाही. मी शाळेत असताना माझी धाकटी याच बाईच्या ओसरीवर खेळायची. बोलले असते तर ती सोय गेली असती. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला आणि घरी आले.

पाटलांची ज्वारी सुरू झाली. मुलगी विहिरीवर दिसायची, पण झोपेबद्दल तिनं मला पुन्हा काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.