मंदाबाईच्या आवाजातली मोटार

कैलासला लहानपणापासून बंद वस्तू उघडायची खोड. रेडिओ उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, बापाची लुना उघडली. परत बसवताना एखादा स्क्रू उरायचाच. दोन हजार चार साली त्यानं आर्वीत, एसटी डेपोमागच्या बापाच्या खोलीत गेम पार्लर उघडलं.

गेम होता मोटारींच्या शर्यतीचा. फुकटचा, पण मुका. पोरं एकदा खेळायची आणि बाजारातल्या आवाजवाल्या पार्लरकडे पळायची.

बाप चंद्रभान भाजीवाला. त्यानं दारात कांद्याची पोती आणून टाकली. "तान्ह्या पोळ्याले पोट्टे आले तं ठीक. नाई तं खोलीत कांदे भरतो."

तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा. लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरायचं, बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, गोळा करायचा. त्या दिवशी आर्वीत पोरांएवढं श्रीमंत कोणी नसतं.

गेमला आवाज देणारा भाग, म्हणजे मॉड्यूल, वेगळा मिळत होता. त्याचा कोड जगाला खुला. ज्याचा त्यानं आपल्या मशीनवर बांधून बसवायचा आणि आवाजही आपलेच घालायचे. इंजिनासाठी कैलासनं लुना रेकॉर्ड केली. मोटार आपटल्यावर वाजायला आईला माइकसमोर बसवलं.

"काय बोलू रे?" मंदाबाईनं विचारलं.

"मी लुनावरून पडलो तवा बोलली होती, तेच."

मंदाबाईला आठवावं लागलं नाही.

मग कैलासनं कोड बांधायला घेतला. पडद्यावर इंग्रजी ओळी धावू लागल्या.

"काय करून राह्यला?" चंद्रभान म्हणाला.

"आवाज बांधून राह्यलो, बाबा."

"एवढ्या वेळात मी बैलगाडी बांधली असती!"

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मॉड्यूल बसलं. गेम सुरू केला. चूप! कैलासनं स्पीकर उघडला, बंद केला, एक स्क्रू उरला. तेव्हा तो शेजारच्या पोळ्याच्या मांडवात दुसरा स्पीकर मागायला गेला. लाउडस्पीकरवाला कवडू म्हणाला, "खोस तुही तार माया मशीनमंदी. पाहुणे यायच्या आत काढजो."

तार खोसली, तरी चूप. कैलास पुन्हा कोडात शिरला आणि तार विसरला. मांडवात पाहुणे आले, भाषणाला उभे राहिले.

बहीण शालू पडद्यात डोकावली. "दादा, ह्या आवाजाच्या पट्टीखाली 'एम एम' काऊन लिहिलं हाय?"

कैलासनं कपाळावर हात मारला. 'एम एम' म्हणजे म्यूट. नवीन मॉड्यूल बसलं की आवाज आधी बंदच असतो, तो हातानं उघडावा लागतो. आयुष्यभर सगळं उघडलेल्या माणसानं नेमकं तेवढंच उघडलं नव्हतं. त्यानं 'एम' दाबलं आणि गेममधली मोटार पळवली.

मांडवात पाहुणे म्हणत होते, "बालमित्रांनो, आयुष्याच्या शर्यतीत…"

आणि लाउडस्पीकरवर लुना सुरू झाली. घुर्रर्र… धाड! पाठोपाठ मंदाबाई:

"आपटला नं मेल्या! डोळे का घरी ठेवून आला? ऊठ, पुसून घे नाक, चालव पुन्हा!"

पाहुणे खाली बसले. त्यांनी खरंच नाक पुसलं.

पोरं खदाखदा हसली आणि नंदी काखेत मारून तारेच्या मागं धावत सुटली. तार संपली तिथं कैलासचं पार्लर होतं. एकेक जण मुद्दाम मोटार आपटवू लागला.

"काकू, मले पण शिवी देजा!"

"शिवी नाई रे ते, माया हाय!" मंदाबाई दारातून ओरडली.

गर्दी कापत चंद्रभान आत आला. कान देऊन उभा राहिला.

"कैलास, हे तं माही लुना होय!"

"हो बाबा."

"सरक. मले चालवू दे."

"काका, लाइन हाय!" एक पोट्टं म्हणालं.

चंद्रभान मुकाट्यानं बाहेर गेला आणि कांद्याच्या पोत्यावर बसून नंबराची वाट पाहू लागला.