लाल अक्षरं

मंगळवार, ६ ऑगस्ट. सकाळी नळाला पाणी कमी. दुपारी भाची आली, जेवली नाही. डोळ्यांच्या तपासणीचा माझा फॉर्म एकदाचा गेला.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. एका मोठ्या दवाखान्याच्या वेबसाइटवर रुग्णांनी भरायचे फॉर्म ती बनवते. कोणी चुकीचं भरलं की त्याला अडवायचं, हेही तिचंच काम. चूक झाली की लाल अक्षरं उमटतात, म्हणून ऑफिसात तिला ‘लाल शाई’ म्हणतात. आधी चिडायची. आता ओ देते.

गेले काही आठवडे तक्रारी येत होत्या, फॉर्म पुढे जातच नाही म्हणून. तिने तपासला की मात्र सुरळीत जायचा. आज दोष सापडला नाही तर काम दुसऱ्याकडे देऊ, असं साहेबांनी सुनावलं होतं. हे सगळं तिने माझ्या पलंगावर आडवं होऊन, डोळे मिटूनच सांगितलं. आई गेल्यापासून दमली की ती इकडेच येते.

चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि म्हटलं, तुमच्या दवाखान्याचा माझाही फॉर्म अडलाय, बघ जरा. मोबाइलवर नाव, वय, फोन भरून बटण दाबलं. ‘अवैध माहिती’ अशी लाल अक्षरं आली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं.

"वय काय घातलंस मावशी?"

"एक्क्याऐंशी. आता काय लपवायचंय?"

"तसं नाही गं. परत घाल, मला बघू दे."

मी ८१ घातलं. ती उठून बसली. माझा कीबोर्ड मराठी, म्हणून आकडेही मराठी. तिचा फॉर्म फक्त इंग्रजी आकडे ओळखत होता, आणि ऑफिसात सगळे तेच वापरतात.

"हे आकडे मी पाटीवर गिरवलेत," ती हळूच म्हणाली. "आणि मीच त्यांना अवैध ठरवतेय."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकवणारी एक सिस्टर वहीवर नुसती लाल फुली मारायची, काय चुकलं ते सांगायची नाही. मी एवढंच बोलले. ती लॅपटॉप उघडून बसली.

संध्याकाळी मी फॉर्म पुन्हा भरला. मराठी आकडे चालले. फोनचा एक आकडा गळला, तर त्याच चौकटीखाली आलं, ‘नंबरात एक आकडा कमी आहे.’ बाकीचं भरलेलं जागच्या जागी. आकडा घातला, फॉर्म गेला.

साहेबांचं उत्तर आलं, ‘ठीक. काम तुमच्याकडेच राहू द्या.’ तिने वाचलं, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपली.

दुधाचं पातेलं करपलं. भिजत घातलं आहे.