बारा मोजेपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे सुरीमावशी म्हणत. जनुक बदलून जन्माला घातलेल्या उंदरांच्या मज्जातंतूंचे काप काढणं हे तिचं काम. काप इतका पातळ, की त्यापुढे केस म्हणजे दोरखंड. पाण्यावर तरंगणारा तो काप ती काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने अलगद काचेवर ओढून घेई. पापणी स्वतःचीच, बावीस वर्षांपूर्वी उपटलेली. काप काढायच्या यंत्रापुढच्या त्या खुर्चीत तिचा जीव अडकलेला. म्हणून तर बोटं नि तळवे बधिर झाल्याचं तिने वर्षभर कुणाला कळू दिलं नव्हतं.

कळलं ते भाचीमुळे. तिला मावशीनेच सरांच्या हातापाया पडून इथे नोकरीला चिकटवलं होतं. भाचीकडे तापलेला पत्रा: त्यावर उंदीर ठेवायचा, तो पाय उचलेपर्यंत आकडे मोजायचे. सहाच्या आत उचलला तर नसा शाबूत. बारा झाले तरी ढिम्म, तर रवानगी सुरीखाली.

त्या दुपारी मावशीने बोलता बोलता काचा सुकवायच्या तापल्या पट्टीवर तळवा टेकला. भाचीने गंमत म्हणून मोजायला घेतलं. "...दहा, अकरा, बारा! मावशे, गेलीस की गं कामातून!"

सगळे फिदीफिदी हसले. सर हसले नाहीत.

"कधीपासून?"

"काय, सर?"

"आधी हात उचला."

तळव्याला फोड आला होता.

सरांनी वर्षभराच्या काचा काढल्या. मायक्रोस्कोपखाली तंतूंची आवरणं सुजलेली, सोललेली. "हे दोष उंदरांचे, की तुमच्या हातांचे?"

उरल्या तुकड्यांचे काप त्यांनी भाचीकडून पुन्हा काढवले. तिला ते शिकवलं होतं मावशीनेच. आठवडाभर मावशीला घास गेला नाही. निघाले तेच दोष, त्याच उंदरांत. तिचा एकही काप चुकला नव्हता.

"म्हणजे सर, मी..." तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझं वर्ष वाचलं. सोमवारपासून तुम्ही पिंजरे धुवा."

सोमवारी भाची पिंजऱ्यांपाशी आली. "मावशे, ती पापणीची काडी देतेस? माझ्या पापण्या मेल्या आखूड आहेत."

मावशीने खिशातून काढून दिली.

"आणि एक उंदीर. बारावाला. तुला काय, बघताक्षणी कळेल."

मावशीने पिंजऱ्यात हात घातला. भाची किंचाळली. लाकडाच्या भुश्श्यावर रक्त ठिबकलं, तेव्हा कुठे मावशीला कळलं, की उंदीर चावलाय.