बांधावरची बाभळ म्हंजे मी

मला लिहाया येत न्हाई. शाळेत गेल्तो, पन मास्तरनं मला दोनच कामं दिली: घंटा वाजवनं अन् वर्गाभाईर उभं राहनं. दोन्ही बराबर केली. म्हनून हे मी मोबाईलमंधी बोलून राह्यलो अन् मोबाईल लिहून राह्यला. गप बसावं तर बसवत न्हाई, कारन मला झाड ठरवलंय. तेबी बाभळीचं.

झालं असं. मव्ही भाची जालन्याला कॉलेजात मराठी शिकती. तिला जात्यावरच्या ओव्या पाह्यजे होत्या. त्यातला आशय अन् प्रतीकं काढून सरांपुढं वाचायची, त्याच्यावर मार्क. मव्ही बायको गावातल्या समद्या लग्नात हळद दळताना ओव्या म्हनती, तवा भाची आमच्याकडं राहाया आली. पीठ आमी गिरनीवरून आनतो, जातं कोपऱ्यात पडल्यालं. ते मी उचलून अंगनात आनलं अन् कंबर धरून बसलो. बायकोनं हळकुंडं टाकली, गळा लावला, भाचीनं मोबाईलात रेकॉर्ड केलं.

"प्रतीक म्हंजे काय गं?" मी इचारलं.

"एक म्हनायचं अन् दुसरं समजायचं, मामा."

"मंग ते तुझी मामी रोजच करती. 'बसलात का?' म्हन्ली की उठून दळन आनाया जायचं असतं."

तोवर मीबी मजा घेत होतो. तिच्या पुस्तकात जुन्या कवितेत पाखरू आलं की ते जीव असतं, अन् नव्या कवितेत खिडकी आली की ते मन. मी म्हन्लं, आमच्या घराला खिडकीच न्हाई, मंग तुझी मामी मला मन न्हाई म्हनती ते बराबर असंल.

सांजच्याला तिनं लिहिल्यालं वाचून दाखवलं. मी जेवत होतो, बायको भाकरी थापत होती. ओवी अशी:

बाई, बांधाची बाभळ, हिची सावली विरळ
टेकाया गेले खाली, काटा टोचितो सरळ

अन् त्याच्याखाली भाचीनं मांडलं होतं: जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, तवा नवरा ओवीत झाड होऊन येतो. इथं बाभळ म्हंजे नवरा. देतो कमी, टोचतो जास्ती.

मी हातातला घास ताटात ठेवला. "कोनाचा नवरा?"

"ओवी म्हननारीचा, मामा."

"म्हननारी तर ही काय, बसली!"

"तसं न्हाई, प्रतीक हाय ते."

"प्रतीक गेलं खड्ड्यात! मी जिता बसलोय अन् तू मला कॉलेजात नेऊन काट्याचा करती? बाभळ म्हंजे बाभळ. आमच्या बांधावर हाय. सकाळी दाखवतो."

बायकोनं भाकर उलटली फकस्त.

सकाळी भाचीला रानात नेलं. बांधावर दोन कडुलिंबं. बाभळ न्हाई. या टोकापून त्या टोकापोत्तर गेलो, न्हाई. जल्मभर त्या बांधावर दुपारचा झोपलो, पन वर कधी बघितलं न्हाई. सावलीत झोपनाऱ्यानं झाड कशाला बघायचं? मंग वाटलं, बायकोच्या माहेरच्या बांधावर असंल, म्हनून तितूनच मेव्हन्याला फोन लावला.

"तुमच्या बांधावर बाभळ हाय का?"

"दाजी, राम राम तरी करा."

"हाय का न्हाई, जल्दी सांगा."

"न्हाई. चिंच हाय. का हो? आमची बहीन बराबर हाय ना?"

"तुमची बहीन बराबर हाय. मीच बिघडलोय," म्हन्लं अन् फोन ठेवला.

भाची तोंड दाबून हसत होती. मी म्हन्लं, "हसू नको. दुसऱ्या ओव्यांत बघ, कुठंतरी चांगला असंल मी." बांधावर बसून समदं रेकॉर्डिंग ऐकलं. भाऊ आला, भाऊ गेला, भाऊ परत आला. भाऊ चंदनाचं झाड, बाप डोंगर, माय तर काय, देवळातली समई. शेजारनीची गायबी लक्ष्मी. मव्हा कुठंच पत्ता न्हाई! भाऊ वर्साला एकदा येतो, साडी देतो, पुरनपोळी खाऊन जातो, तो चंदन. अन् मी रोज हितं मरून राह्यलो! आता पंचाईत अशी झाली, की मला बाभळ व्हायचं नव्हतं, पन बाभळ न्हाई झालो तर मी त्या ओव्यांत नव्हतोच.

घरी आलो तर बायको सुपात डाळ पाखडत होती. मी तरातरा म्होरं उभा राह्यलो.

"त्या ओवीत मी हाय का?"

"ती ओवी मव्ही न्हाई," ती म्हन्ली. "तुमच्या आईची हाय. लगीन होऊन आले तवा जात्यावर तिनं शिकवली."

"म्हंजे बाभळ मव्हा बाप?"

"मला काय माहीत. तुमच्या आईला इचारायचं होतं."

आता कुठं इचारू! माय ती ओवी म्हनायची तवा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजायचो. बाबा वट्यावर बिडी वढत बसायचे. दोघांनाबी काई कळलं न्हाई.

"अन् आईला कोनी शिकवली?"

"तिच्या सासूनं."

"म्हंजे आजाबी!" मी वरडलो. भाची खाली मान घालून भराभर लिहून राह्यली. आमच्या घरान्यातली जमीन वाटन्या होऊन गेली, झाड तेवढं अख्खं मव्ह्यापोत्तर आलं.

"ते जाऊ दे," मी म्हन्लं. "तू म्हनती तवा कोन असतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. भाचीचा पेन थांबला. मला वाटलं, इचारायला नव्हतं पाह्यजे.

"सावली विरळ हाय," ती म्हन्ली. "काटा न्हाई."

"विरळ? घरात कूलर कोनी आनला?"

"बंद पडल्याला."

"पन आनला ना! अन् काटा न्हाई म्हनती, मंग ती दुसरी ओळ म्हनू नको."

"अर्ध्या ओवीवर जातं फिरत न्हाई."

"मंग नवी ओळ लाव! मव्ही. चांगली."

"लावते की," ती सूप उचलत म्हन्ली. "लावायजोगं काई करा."

भाचीनं ते समदं तसंच्या तसं मांडलं अन् जालन्याला जाऊन वाचलं. मला इचारलंबी न्हाई. जाताना तिला यष्टीत बसवाया गेल्तो, तवा मी इचारलं, "ह्या वयात लावायजोगं काय करावं, ते तुझ्या कोन्या पुस्तकात हाय का?"

"ते परीक्षेला न्हाई, मामा," म्हन्ली अन् खिडकीजवळची जागा धरली.